दोन ग्लॅडस्टन

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या भिंतीत एक काचेचे कपाट होते. वरच्या फळीवर पोथ्या, मधल्या फळीवर शेतसाऱ्याच्या पावत्या आणि कुळांच्या खात्यांच्या वह्या, आणि अगदी खालच्या फळीवर आजोबांची इंग्रजी पुस्तके. त्यांत जॉन मॉर्लेने लिहिलेल्या ग्लॅडस्टन-चरित्राचे तीन जाडजूड खंड होते. दुसऱ्या खंडाची पाठ वाळवीने खाल्ली होती; तरीही दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या पाटावर ते तिन्ही खंड मांडले जात आणि त्यांच्यावर झेंडूची फुले पडत.

आजच्या वाचकाला याचे हसू येईल. पण आजोबांच्या पिढीला ग्लॅडस्टन हा परका वाटतच नव्हता. १८७८ साली देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा झाला, तेव्हा त्याविरुद्ध पार्लमेंटात बोलला तो ग्लॅडस्टन. १८८० मध्ये त्याच्याच मंत्रिमंडळाने रिपनला इकडे धाडले आणि १८८२ साली तो कायदा रद्द झाला. १८९२ च्या ज्या निवडणुकीने तो चौथ्यांदा मुख्य प्रधान झाला, त्याच निवडणुकीत, त्याच्याच पक्षाकडून, आपले दादाभाई निवडून आले. आयर्लंडला स्वराज्य द्यावे म्हणून या म्हाताऱ्याने आपला पक्ष फोडून घेतला. सत्तेवर असूनही ज्याला सदसद्विवेक शिल्लक आहे असा साहेब आमच्या वाडवडिलांना पाहायचा होता, आणि तो त्यांना ग्लॅडस्टनमध्ये दिसला. ते काही खोटे दिसले असे मला आजही वाटत नाही.

मी स्वतः मात्र ग्लॅडस्टनच्या घराण्याची हकीकत नीट वाचली ती पेन्शनीत निघाल्यावर. आणि वाचता वाचता मला दुसरा ग्लॅडस्टन भेटला. त्याचे नाव जॅक. तेव्हापासून हे दोघे माझ्या मनात एकमेकांसमोर बसून आहेत, आणि दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय मांडतो याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. साखरेचा विषय आहे, एवढेच माझे समर्थन.

प्रथम बाप. जॉन ग्लॅडस्टन हा स्कॉटलंडातल्या लीथ बंदरातल्या एका धान्यव्यापाऱ्याचा मुलगा. १७८७ साली तो लिव्हरपूलला आला आणि गहू, कापूस, जहाजे, विमा अशा चौफेर व्यापारात त्याने हात घातले. मग वेस्ट इंडीजचे मळे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर डेमरारा नावाचा मुलूख आहे. आज तो गयाना देशात मोडतो, आणि तपकिरी साखरेच्या पुडक्यावर त्याचे नाव आजही वाचायला मिळते. तेथे जॉनने मळ्यामागून मळे घेतले. त्यांतल्या एकाचे नाव ‘सक्सेस’, म्हणजे यश. दुसऱ्याचे डच नाव ‘व्रीड-एन-होप’, म्हणजे शांती आणि आशा. मळ्यांना अशी नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते देव जाणे. मळ्यावर राबणारी माणसे आफ्रिकेतून आणलेली, किंवा तशा माणसांच्या पोटी जन्मलेली, गुलाम होती.

जॉन हा वाईट माणूस नव्हता. तो देवभीरू होता, त्याने चर्च बांधली, मुलांवर त्याचे अतोनात प्रेम होते. डेमराराला तो जन्मात एकदाही गेला नाही. तेथून व्यवस्थापकाची पत्रे येत, आणि त्यांत गुलाम खाऊनपिऊन सुखी असल्याचे लिहिलेले असे. १८२८ च्या सुमारास त्याने रॉबर्टसन नावाच्या मुलाला पाहणी करायला धाडले. त्यालाही सर्व काही ठीकच दिसले. मालकाचा मुलगा पाहायला आला म्हणजे सर्व काही ठीकच दिसते. हे आम्हां खोतांच्या घरच्यांना कोणी शिकवायला नको.

जॉनचा धाकटा मुलगा विल्यम १८२१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ईटनच्या शाळेत गेला. थोरला टॉमस तेथे आधीच होता. ईटन म्हणजे इंग्लंडच्या सरदारपुत्रांची शाळा. लीथच्या धान्यदुकानापासून तेथवर पोचायला ग्लॅडस्टन घराण्याला दोन पिढ्या लागल्या. लॅटिन आणि ग्रीक हाच तेथला मुख्य अभ्यास. हेडमास्तर कीट हा छडीबद्दल नामांकित होता. विल्यमने एकदा त्याची छडी खाल्ली, त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शिक्षेच्या यादीत ज्या मुलांची नावे घालायची, त्यांतल्या तीन दोस्तांची नावे त्याने वगळली. म्हणून मार त्यालाच बसला. मला ही गोष्ट फार आवडते. पोर मायाळू होते, यात शंका नाही.

आता जॅक. १८२३ च्या ऑगस्टमध्ये विल्यमला तेरा वर्षे पुरी होऊन चौदावे चालू होते. त्याच महिन्यात ‘सक्सेस’ मळ्यावर एक तरणाबांड गुलाम राहत होता. तो पिपे बांधण्याचे काम करी. साखर आणि रम ज्यांत भरून जाई, ती लाकडी पिपे. त्याचा बाप क्वामिना हा सुतार, शिवाय शेजारच्या मळ्यावरच्या प्रार्थनामंदिराचा जाणता सेवक. या पोराचे नाव जॅक ग्लॅडस्टन. ग्लॅडस्टन कशावरून? मालकाचे नाव गुलामाला लागे, म्हणून. एका मुलाला ते आडनाव वारशाने मिळाले होते आणि दुसऱ्याला, बैलाच्या पाठीवर डाग द्यावा तसे, मालकीच्या खुणेने.

त्या वर्षी विलायत सरकारने गुलामांची स्थिती थोडी सुधारण्याचे फर्मान काढले होते. शेतात चाबूक बाळगू नये, बायकांना फटके मारू नयेत, असे काहीतरी. वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी ते दाबून ठेवले. गुलामांत कुजबुज पसरली की राजाने आपल्याला मोकळे केले आहे आणि मळेवाले ते लपवीत आहेत. १८ ऑगस्टला ‘सक्सेस’पासून उठाव सुरू झाला आणि हजारो गुलाम त्यात उतरले. जॅक पुढारी होता. म्हातारा क्वामिना ‘मारामारी नको, नुसते काम बंद करा’ असे सांगत होता. दोन-चार गोरे मेले; बहुतेकांना नुसते कोंडून ठेवले होते. मग लष्करी कायदा आला आणि शेकडो गुलाम मारले गेले. क्वामिनाला गोळी घातली आणि त्याचे प्रेत साखळदंडांत बांधून ‘सक्सेस’च्या रस्त्यावर टांगले. त्यांच्या प्रार्थनामंदिराचा पाद्री जॉन स्मिथ याला फाशीची शिक्षा झाली. राजाची माफी पोचण्यापूर्वीच, १८२४ च्या फेब्रुवारीत, तो क्षयाने तुरुंगात मेला. जॅकची रवानगी सेंट लूसिया बेटावर झाली, आणि तेथून पुढे इतिहासाच्या पुस्तकांत तो फारसा आढळत नाही.

आणि ईटनमध्ये? तेथे मुलांचे एक वादमंडळ होते. त्याचा एक नियम असा की गेल्या पन्नास वर्षांतल्या राजकारणावर बोलायचे नाही. १८२५ साली विल्यमने तेथे पहिले भाषण केले ते गरिबांना शिक्षण द्यावे की नाही या विषयावर. द्यावे, असे तो म्हणाला. रोमन गुलामांची बंडे खुशाल अभ्यासावीत, बापाच्या मळ्यावरचे बंड मात्र वयात येण्यास अजून पन्नास वर्षे अवकाश! हा नियम कोणी दुष्ट हेतूने केला नसेल. पण चांगल्या शाळा अशाच असतात. त्या डोळ्यांना लांबचे पाहायला शिकवतात.

येथे माझे काही मित्र मला थांबवतील. ते म्हणतील, अहो, तेरा वर्षांच्या पोराचा यात काय दोष? आणि फीचा कोणता पौंड साखरेचा, कोणता गव्हाचा, हे तरी कोणी सांगावे? दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पैशाला वास नसतो हेच तर पैशाचे मोठे सोयीचे लक्षण आहे. आणि मूल ज्या घरात जन्मते त्या घराचा जाब त्याला विचारणे हा शुद्ध अन्याय. माझा प्रश्न तेरा वर्षांच्या विल्यमला नाही. कळू लागल्यावरच्या विल्यमला आहे. कळण्याचा दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात येतो, आणि बहुधा तो फार गाजावाजा न करता येतो.

विल्यमच्या बाबतीत तो दिवस आपल्याला तारखेनिशी सापडतो. १८३३ साली तो तेवीस वर्षांचा, ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन आणि गणित अशा दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवलेला, नुकताच पार्लमेंटचा सभासद झालेला. गुलामी रद्द करण्याची चर्चा चालू होती. लॉर्ड हॉविक याने सभागृहात सांगितले की ‘व्रीड-एन-होप’ मळ्यावर गुलामांचे मृत्यू फार होतात, कारण तेथला व्यवस्थापक त्यांच्याकडून उसासाठी अतोनात काम करून घेतो. मळा बापाचा. ३ जून १८३३ रोजी विल्यम उत्तराला उभा राहिला. त्याने कागद मागवले, जन्म-मृत्यूचे आकडे तपासले, मांडणी उत्तम केली. गुलामी जावी, पण हळूहळू जावी, आणि मालकांना भरपाई मिळावी, असा त्याचा रोख होता. भाषणाची वाहवा झाली. ईटनने आणि ऑक्सफर्डने त्याच्या हाती जे लखलखीत हत्यार दिले होते, ते त्याने असे प्रथम उपसले.

तो गप्प बसू शकला असता. मला वारंवार वाटते ते एवढेच. बापाविरुद्ध बोलावे असे मी म्हणत नाही. ते देवालाही जड जाते. पण मृत्यूचे ते आकडे हातात असताना तो नुसता गप्प बसू शकला असता.

गुलामी गेली, आणि भरपाईही आली. वीस दशलक्ष पौंड, मालकांना. जॉन ग्लॅडस्टनच्या वाट्याला २,५०८ गुलामांबद्दल सुमारे १,०६,००० पौंड आले. ही त्या वाटपातल्या अगदी मोठ्या रकमांपैकी एक. गुलामांना एक पै मिळाली नाही; उलट ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे राबण्याचे बंधन मिळाले. या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ साली फिटला. म्हणजे तोवर मी सत्तरी ओलांडली होती. माणसे इतिहासजमा होतात, कर्जखाती होत नाहीत.

पुढचा भाग आपल्या घरचा आहे. गुलाम मोकळे होणार, मग उसात राबणार कोण? जॉन ग्लॅडस्टनने १८३६ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहून विचारले, की तिकडून मजूर मिळतील काय? पेढीने कळवले, अवश्य. डोंगराळ मुलखातले ‘धांगर’ आहेत, त्यांना ना धर्म, ना शिक्षण, ना खाणेपिणे-झोपण्यापलीकडे गरजा. आणि त्यांची तुलना माणसापेक्षा माकडाशीच अधिक जमते, अशा अर्थाचेही त्या पत्रात आहे. (हे धांगर म्हणजे आपले मेंढरे राखणारे धनगर नव्हेत; छोटा नागपूरकडचे आदिवासी.) १८३८ च्या जानेवारीत ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे निघाली आणि ५ मेपासून डेमराराच्या किनाऱ्यावर सुमारे ४०० हिंदी माणसे उतरली. काही ‘व्रीड-एन-होप’ मळ्यावर गेली. पाच वर्षांचा करार, अंगठा उठवलेला. वर्षभरातच तेथल्या फटक्यांच्या बातम्या विलायतेत पोचल्या, चौकशी झाली, भरती थांबली. पुन्हा सुरू झाली. आणि १९१७ पर्यंत त्या एका वसाहतीत दोन लाखांहून अधिक हिंदी मजूर गेले. आमच्या रत्नागिरीकडची माणसेही अशाच करारावर मॉरिशसला गेली. त्यांची नातवंडे-पणतवंडे आजही तेथे मराठी सण करतात.

या पद्धतीविरुद्ध हिंदुस्थानच्या कायदेमंडळात उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही करारबद्ध मजुरी सर्वस्वी बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांपुढे तो पडला. गोखले हे बर्कची भाषणे घोटलेले, मॉर्लेशी बसून बोललेले, विलायती उदारमताला गुरू मानणारे. म्हणजे ज्या उदारमताचा ग्लॅडस्टन हा महर्षी, त्याच्याच मुशीत घडलेला हा कोल्हापूर-पुण्याकडचा शिष्य, महर्षींच्या पित्याने लावलेले झाड उपटायला उठला होता. आजोबांनी हे दोन धागे कधी जोडले असतील का? गोखल्यांची तसबीर त्या कपाटाच्या वरच टांगलेली होती.

विल्यम ग्लॅडस्टनबद्दल मी कठोर झालो असे कोणी समजू नये. १८५१ साली नेपल्सच्या तुरुंगांतले हाल पाहून त्याने युरोप हलवला. १८७६ साली बल्गेरियातल्या कत्तलींविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली, ती लाखांनी खपली. १८६२ मध्ये अमेरिकेतल्या गुलाममालकांच्या बंडखोर राज्यांना त्याने भर सभेत ‘राष्ट्र’ म्हणून गौरवले, आणि पुढे ती आपली मोठी चूक झाली असे स्वतःच लिहून ठेवले. म्हातारपणी, ऐंशी उलटल्यावर, आपली हजारो पुस्तके एकचाकी ढकलगाडीत घालून त्याने गावातल्या वाचनालयाकडे नेली, स्वतःच्या हातांनी. ढोंगी माणूस असे करीत नाही. याच माणसाने १८५८ साली होमरवर तीन खंड लिहिले आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट टिपली, की या महाकवीच्या काव्यात रंगांची नावे फार थोडी आहेत, समुद्र आणि आकाश यांना निळे म्हटलेले सापडत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कवीला कोणता रंग दिसला नाही, हे याला दिसले!

आपल्याकडे तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतले पितृऋण म्हणजे बापाने आपल्याला दिले त्याची फेड. परंतु बाप ज्यांचे देणे लागत होता, त्यांचे काय? स्मृतिकारांनी याचाही विचार केला आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडावे. मात्र दारू आणि जुगार यांपायी केलेले, किंवा न भरलेल्या दंडाचे फेडू नये, असे याज्ञवल्क्य सांगतो. किती व्यवहारी विचार! बापाने उधळले त्याचा भार मुलावर नको. पण ज्यातून घर उभे राहिले, ज्यातून मुलगा शिकला, ते कर्ज मुलाचे. अडचण एवढीच की स्मृतीतल्या कर्जाला सावकार असतो, कागद असतो, साक्षीदार असतात. क्वामिनाच्या हाती कोणता कागद होता?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये जॉन ग्लॅडस्टनच्या वंशातली सहा माणसे गयानाला गेली. जॉर्जटाऊनच्या विद्यापीठात उभे राहून त्यांनी गुलामीबद्दल आणि हिंदी मजुरांबद्दलही माफी मागितली, आणि विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रासाठी १,००,००० पौंड देऊ केले. बाहेर काही लोक निषेधाचे फलक घेऊन उभे होते. तेथले अध्यक्ष इरफान अली हे स्वतः हिंदी मजुरांच्या वंशातले. नुसत्या माफीने भागायचे नाही, असे ते आदल्याच दिवशी म्हणाले होते. बातमी वाचून आमच्या घरात वाद झाला. नातू म्हणाला, हा सगळा देखावा. सूनबाई म्हणाल्या, पण गेले तरी. मी काहीच बोललो नाही. मला दुसरेच काही आठवत होते.

१९५२ च्या जूनमध्ये मला पुण्याला वसतिगृहाच्या शाळेत धाडले. वय अकरा, विल्यम ईटनला गेला त्याच वयाचा. खोती कायद्याने गेली होती, पण अर्धेल-तिर्धेलाचा भात अजून अंगणात येऊन पडत होता, आणि तो विकून माझी फी जाणार होती. घरापासून मोटारथांबा चार मैल. मधे ओढा, ओढ्यावर साकव. माझी लोखंडी ट्रंक आमच्या एका कुळाच्या मुलाने डोक्यावर घेतली. तो माझ्याच वयाचा, आम्ही मिळून आंबे पाडलेले. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. पाऊस धरला होता. तो पुढे, ट्रंकेखाली मान ताठ धरून. मी मागे, छत्री घेऊन. पुढे प्रत्येक सुट्टीत ती ट्रंक त्यानेच आणली-नेली. तो शाळेत का जात नाही, हे मी एकदाही विचारले नाही. पुण्याच्या शाळेत मला वक्तृत्वाचे पहिले बक्षीस मिळाले; विषय होता ‘श्रमाची प्रतिष्ठा’.

१९५७ साली कूळकायद्याने जमीन त्याच्या बापाच्या नावावर झाली. तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखे वातावरण होते, आणि सोळा वर्षांच्या मी वडिलांच्या बाजूने एक लांबलचक, आकडेवार अर्ज इंग्रजीत लिहून दिला होता. अर्जाची भाषा चांगली होती, असे वडील पुष्कळ दिवस सांगत.

तो मला पुन्हा भेटला १९९४ मध्ये, जुने घर विकायला गेलो तेव्हा. कपाट रिकामे करीत होतो. तो पायरीवर बसला. आत ये म्हटले तरी आला नाही. तो मला ‘अहो भाऊ’ म्हणत होता आणि मी त्याला अजून ‘अरे’ म्हणत होतो, हे माझ्या ध्यानात आले, पण जीभ वळेना. चहा झाला. त्याचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, गिरणी बंद पडून परत आला होता, असे काहीबाही बोलणे झाले. मग त्याची नजर ओसरीवरच्या त्या गंजलेल्या ट्रंकेवर गेली.

“भाऊ, एक इचारायचं रायलंय,” तो म्हणाला. “ह्या टरंकेत येवढं जड काय असायचं हो?”

“पुस्तकं,” मी म्हणालो.

त्याने जरा विचार केला.

“मला वाटायचं, तांदूळ असतील.”